दारूगोळ्याचं गणित – ६ : चेंबरच्या मापाची डाय

मागच्या आठवड्यात वाइल्डकॅट म्हणजे काय ते पाहिलं: कुठल्याही कारखान्याच्या यादीत नसलेलं, हौशी माणसाने स्वतःच्या डोक्याने घडवलेलं काडतूस. त्यावर कोल्हापूरच्या एका वाचकाने विचारलंय, आमचा स्वप्नील कुसाळे असंच काही करतो का? नाही. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये या नेमबाजाने ज्या पन्नास मीटर प्रकारात कांस्यपदक घेतलं, त्यात रिमफायर काडतूस चालतं. त्याचा पेटवणारा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो. एकदा बार उडाला की पुंगळी भंगारात. आपला विषय आहे अमेरिकेतल्या सेंटरफायर काडतुसांचा. त्यांची टोपी बुडाच्या मधोमध बसते, ती काढून नवी घालता येते आणि पितळी पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते. तिकडे हा छंद आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा इथे फक्त यंत्रकाम समजून घ्यायचं.

बार उडताना पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला टेकते आणि दाब उतरला की केसभर आकसते. केसभरच. ती पुन्हा सुखासुखी चेंबरमध्ये जावी म्हणून तिला प्रेसवरच्या पोलादी डायमध्ये दाबून बारीक करतात. दुसरी डाय गोळी बसवायला. प्रचलित काडतुसाची ही जोडी दुकानात तयार मिळते. वाइल्डकॅटवाल्याची पंचाईत इथेच सुरू होते.

पॉइंट टू एटी ॲक्ली इम्प्रूव्हडचं उदाहरण घ्या. रेमिंग्टनने १९५७ साली पॉइंट टू एटी काडतूस आणलं. त्याचा खांदा, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते तो उतार, साडेसतरा अंशांचा. पार्कर ॲक्ली या बंदूक-कारागिराच्या नावाने चालणाऱ्या सुधारित रूपात तो चाळीस अंशांचा झाला आणि अंगाचा निमुळतेपणा जवळजवळ गेला, त्यामुळे दारूला थोडी जास्त जागा मिळाली. पुढे नॉस्लर कंपनीने ते अमेरिकी उद्योगसंस्थेकडून प्रमाणित करून घेतलं आणि आज त्याची डाय मागवली की घरी येते. पण त्याआधीची कित्येक वर्षं ज्याने त्याने आपापल्या रीमरने (भोक मापात कापणाऱ्या हत्याराने) चेंबर कापले. नळीवर नाव तेच, आतलं माप मात्र ज्याचं त्याचं. म्हणून जुनी रायफल हाती आली तर डब्यावरचं नाव वाचून डाय घेऊ नये. त्या रायफलीतून उडालेल्या तीन पुंगळ्या डाय बनवणाऱ्याकडे पाठवाव्यात. चेंबर आतून कसा आहे, हे त्याच सांगतात.

आता हमखास होणारी चूक. गनस्मिथकडे चेंबरचा रीमर तयार असतो. मग वाटतं, कोरी डाय आणू आणि त्याच रीमरने आतून कापू. पैसे वाचले! माझ्या ओळखीच्या एका टूलरूमवाल्याने, ज्याचं अख्खं आयुष्य मापात गेलं, हेच केलं. डाय सुंदर झाली, आरशासारखी. पुंगळी तिच्यात गेली आणि जशीच्या तशी बाहेर आली. चेंबरएवढीच डाय पुंगळीला दाबणार कशी? साइझिंग डायला वेगळा रीमर लागतो, चेंबरपेक्षा दोन-तीन थाऊ बारीक. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पिंपरी-चिंचवडच्या लेथवाल्याला हे सांगावं लागत नाही.) फार बारीक केला तर दर वेळी पितळ जास्त दबतं, जास्त फुगतं आणि चारदोन बारांत बुडाच्या वर तडा जातो. पुरेसा बारीक केला नाही तर बोल्ट उघडताना हाताला झटका बसतो.

गंमत म्हणजे गोळी बसवायची डाय मात्र त्या चेंबरच्याच रीमरने बेलाशक कापावी. तिचं काम पुंगळीला नुसतं सरळ धरण्याचं.

मानेसाठी मी बुशिंगवालीच डाय घ्यायला सांगतो. बुशिंग म्हणजे बदलता येणारं कडं, एकेक थाऊच्या फरकाने मिळतं. हिशेब सोपा: गोळी पॉइंट २८४ इंच, मानेचं पितळ दोन्ही बाजूंनी पंधरा-पंधरा थाऊ, मिळून भरलेल्या काडतुसाची मान पॉइंट ३१४. मानेने गोळी घट्ट धरावी म्हणून त्यातून दोन थाऊ वजा करा. पॉइंट ३१२चं बुशिंग. पितळाचा दुसरा लॉट जाड निघाला तर फक्त कडं बदलायचं, डाय तीच. पण त्या जाड मानेला चेंबरमध्ये फुलायला जागा उरते का, ते आधी मोजा. जागा नसेल तर गोळी सुटायला अडते आणि दाब भलताच चढतो. डाय कितीही महागाची असली तरी ही चूक ती पकडत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा: चेंबरच्या रीमरचा नकाशा नक्की झाला की त्याच दिवशी साइझिंग रीमरचाही काढून घ्या आणि दोन्ही एकाच कारागिराकडून घासून घ्या. नळी त्यानंतर कापायची.

पुढच्या भागात फायर-फॉर्मिंग : जुन्या पुंगळीचा नवा खांदा.