घरच्या घरीं विमान चालविण्यासाठीं पडदा कोणता घ्यावा?

घाटकोपरच्या रहिवाशांस विमान मुद्दाम दाखवावें लागत नाहीं. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वारा पश्चिमेचा असला म्हणजे उतरणारीं विमानें आमच्या माथ्यावरून जातात. धावपट्टीच्या पूर्व टोकापासून घाटकोपर स्टेशन सरळ रेषेंत अडीच-तीन किलोमीटरांवर आहे. विमान सामान्यतः ३ अंशांच्या उतारानें, म्हणजे दर किलोमीटरास सुमारें ५२ मीटर, खालीं येत असतें; तेव्हां आमच्या गच्चीवरून तें जातें त्या वेळीं त्याची उंची दीडशे मीटरांच्या आसपासच उरलेली असते. पोटाखालचीं चाकें स्पष्ट दिसतात. अशा ठिकाणीं वाढणाऱ्या मुलांपैकीं कांहींना वैमानिक होण्याचा ध्यास लागला, तर त्यांत नवल तें काय?

हा ध्यास पुरविण्याचें एक साधन हल्लीं घरोघर येऊं लागलें आहे. त्यास फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थानें १९२९ सालीं जो पहिला प्रसिद्ध सिम्युलेटर बनविला, त्यांत बाहेरचें दृश्य नव्हतेंच. शिकाऊ वैमानिक झांकलेल्या पेटींत बसून केवळ उपकरणांच्या तबकड्या वाचीत असे. पुढें १९७९ सालीं ब्रूस आर्टविक यांनीं घरगुती संगणकासाठीं असें सॉफ्टवेअर तयार केलें आणि १९८२ सालीं तें मायक्रोसॉफ्टच्या नांवानें निघालें. आज मायक्रोसॉफ्टचें २०२४ सालचें सॉफ्टवेअर, एक्स-प्लेन, आणि विनामूल्य मिळणारें फ्लाइटगियर, यांपैकीं कोणतेंही घेतलें तरी मुंबईची धावपट्टी त्यांत आहेच. मग प्रश्न उरतो तो पडद्याचा. जितका पडदा मोठा तितकें उड्डाण खरें, असा सार्वत्रिक समज आहे. आमचाही होता, आणि त्याचें मोल आम्हीं रोखीनें मोजलें आहे.

गेल्या वर्षीं पंतनगरांत राहणाऱ्या आमच्या भाच्यासाठीं ही खरेदी निघाली, तेव्हां सल्ला देण्याचा मान आम्हीं आपल्याकडे घेतला. दुकानांत एक ५० इंची टीव्ही पाहिला. त्यावर ढग आणि डोंगर असे कांहीं झळकत होते, कीं विचार करण्यास सवडच राहिली नाहीं. टीव्ही दिवाणखान्याच्या भिंतीवर लागला; भाचा समोरच्या सोफ्यावर, म्हणजे ८ फुटांवर, जॉयस्टिक घेऊन बसला. पहिल्या आठवड्यांत त्याचीं बहुतेक विमानें धावपट्टीवर आपटलीं. "मामा, जमीन अजून लांब आहे असें वाटतें, आणि ती एकदम येते," असें तो म्हणे. आम्हीं त्यास सरावाचा उपदेश केला. दोष त्याच्या हाताचा नसून आमच्या खरेदीचा होता, हें उमजावयास दोन महिने लागले.

गोष्ट अशी आहे, कीं डोळ्यास इंच कळत नाहींत. त्यास कोन कळतो. रुपयाचें नाणें चंद्रास झांकूं शकतें, तें याच कारणानें. हा कोन मोजण्यास यंत्र नको. हात समोर ताठ धरून मूठ आवळली असतां तिची रुंदी सुमारें १० अंश भरते, आणि बोटें ताणून वीत धरली तर सुमारें २० अंश. आतां ५० इंची टीव्हीची रुंदी सुमारें १११ सेंटिमीटर असते. ८ फुटांवरून तो केवळ २६ अंश व्यापतो. म्हणजे एक वीत आणि वर तीन बोटें! उलट २७ इंची मॉनिटर रुंदीला ६० सेंटिमीटर असतो, आणि त्याच्यापासून ६० सेंटिमीटरांवरच बसल्यास तो ५३ अंश, म्हणजे अडीच वितींहून थोडा अधिक, व्यापतो. अर्ध्या मापाचा पडदा दुप्पट खिडकी देतो, असा हा हिशेब आहे.

पण केवळ खिडकी लहान असती तर विमान आपटलें नसतें. त्याचें कारण निराळें. सॉफ्टवेअर आपल्या अंदाजानें, समजा, ६० अंशांचें दृश्य रेखाटतें. तें २६ अंशांच्या पडद्यांत कोंबलें म्हणजे धावपट्टी खऱ्याच्या दोन-पंचमांश एवढीच दिसते, आणि म्हणून अडीचपट लांब आहे असें भासतें. जमिनीजवळ येतांच विमानाचें नाक हळूच वर उचलावयाचें असतें. जमीन लांब भासली म्हणजे तो क्षण हुकतो. यावर उपाय म्हणजे सॉफ्टवेअरमधील दृश्याचा कोन पडद्याच्या कोनाइतका ठेवणें. एक्स-प्लेन व फ्लाइटगियर यांत तो अंशांत ठरवितां येतो. मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमध्यें झूम कमी-अधिक करून साधावा लागतो. भाच्याच्या टीव्हीवर आम्हीं तसें करून पाहिलें. धावपट्टी बरोबर दिसूं लागली, परंतु बाकी सारें नाहींसें झालें. जणूं नळींतून पाहावें. तबकड्यासुद्धां दिसेनात. म्हणून पडदा डोळ्यासमोर निदान ५० ते ६० अंश व्यापील अशीच बैठक हवी, असें आमचें मत झालें आहे.

दुसरी गोष्ट बारकाईची. धावपट्टीच्या कडेस चार दिव्यांची एक ओळ असते. तिला वैमानिक 'पापी' म्हणतात. विद्यार्थ्यांनीं नांव ऐकून हंसूं नये, कारण हे पापी फार उपकारी आहेत. दोन दिवे पांढरे आणि दोन तांबडे दिसले तर उतार बरोबर. चारही तांबडे तर विमान फार खालीं आलें. या दिव्यांत परस्पर अंतर ९ मीटर असतें, आणि ५ किलोमीटरांवरून तें एक-दशांश अंश भरतें. चित्र ज्या ठिपक्यांचें बनतें त्यांस पिक्सेल म्हणतात. २७ इंची पडद्यावर आडवे १९२० पिक्सेल असतील तर वरील अंतरावर बसल्यास अंशास ३६ पडतात, म्हणजे दोन दिव्यांत तीन-चार. २५६० असतील तर अंशास ४८, म्हणजे दोन दिव्यांत पांच. निरोगी डोळा अंशास ६० पर्यंत ठिपके वेगळे ओळखतो. ३२ इंची पडदा ३८४० पिक्सेलांचा घेऊन ७० सेंटिमीटरांवर ठेवला, तर ही मर्यादाही ओलांडली जाते.

तथापि येथें पालकांनीं सावध राहावें. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारें २१ लाख पिक्सेल असतात, २५६० बाय १४४० वर ३७ लाख, आणि ३८४० बाय २१६० वर ८३ लाख. संगणकाच्या ग्राफिक्स कार्डास ते सर्व सेकंदांत तीस-चाळीस वेळां नव्यानें रंगवावे लागतात. पडदा उंची आणि कार्ड दुबळें असेल तर विमान ठेंचकाळत चालतें, आणि मग पडद्यामागोमाग कार्डाचा खर्च येतो. मध्यम संगणकास २७ इंची, २५६० बाय १४४० हाच जोड शोभतो. सेकंदांत दोनशेचाळीस वेळां ताजा होणारा पडदा या कामीं व्यर्थ आहे. कार्डाच्या गतीशीं आपली गति जुळवून घेणारा मात्र अवश्य पाहावा.

तीन मॉनिटर अर्धवर्तुळांत मांडले म्हणजे १६० अंशांच्या जवळ दृश्य मिळतें, हें खरें. पण त्यांस पांच-सहा फुटांचें टेबल लागतें, आणि घाटकोपरच्या खोल्या आपण जाणतोंच. ३४ इंची लांबट पडदा ही बरी तडजोड आहे: उंची २७ इंचीएवढीच, पण ६५ सेंटिमीटरांवरून रुंदी ६३ अंश. धावपट्टीभोंवतीं वळतांना बगलेस पाहावें लागतें, तें काम जॉयस्टिकवरील लहानशा बटनानेंही होतें.

ज्यास रात्रींचीं उड्डाणें प्रिय आहेत त्यानें व्हीए जातीचा पडदा पाहावा. त्यावर काळा रंग आयपीएसहून गडद उतरतो. ओलेड याहूनही सरस, परंतु तबकड्या तासन्‌तास एकाच जागीं राहिल्यास त्यांची छाया पडद्यावर कायमची उमटण्याचें भय असतें. कोणी ४३ इंची टीव्हीच टेबलावर ८० सेंटिमीटरांवर ठेवूं म्हणेल, तर कोन उत्तम, ६१ अंश भरतो. मात्र खरेदीपूर्वीं संगणक जोडून बारीक तांबडीं अक्षरें पुसट दिसत नाहींत ना, आणि जॉयस्टिक हलवितांच चित्र हलतें ना, हें पाहावें.

लॅमिंग्टन रोडला जाण्यापूर्वीं एक प्रयोग करावा. जुनीं वर्तमानपत्रें चिकटवून ६० बाय ३४ सेंटिमीटरांचा तुकडा कापावा, भिंतीस लावावा, आणि खुर्ची ठेवून वितीनें मोजावा. दोन फूट खोलीच्या टेबलावर मॉनिटरची बैठकच निम्मी जागा खाते. भिंतीवरच्या लोखंडी हातानें ती वांचते. खिडकी पडद्याच्या बाजूस असावी, समोर वा मागें नसावी.

पालक विचारतील, इतका खटाटोप कशास? घरच्या पडद्यावरील तास व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास लागणाऱ्या २०० तासांत धरले जात नाहींत, हें आम्ही आधींच सांगतों. परंतु डोळ्यास लागलेली संवय मुलाबरोबर जाते, आणि ती चुकीची लागूं नये एवढेंच आमचें म्हणणें. २८ जून २०१८ रोजीं जुहूहून उडालेलें एक लहान विमान घाटकोपरांत कोसळून पांच माणसें गेलीं, त्यांपैकीं एक रस्त्यावरचा पादचारी होता. तो दिवस पाहिलेल्या आईबापांस विमान हा निव्वळ खेळ वाटत नाहीं, आणि तसा तो वाटूंही नये.

भाच्याच्या आंतल्या खोलींत आतां २७ इंची मॉनिटर भिंतीवर आहे. विमान अजून मधून मधून आपटतें, पण आतां चूक त्याची असते व ती त्यास कळते. टीव्ही दिवाणखान्यांतच राहिला. त्यावर त्याची आजी मालिका पाहते, आणि तिच्या कामास ८ फुटांचें अंतर अगदीं योग्य आहे.