न्यूटनला वाचवायला दोन ग्रह शोधले. एक सापडला, दुसरा नव्हताच!

एकोणिसाव्या शतकात मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ काही दशकं एक असा ग्रह शोधत होते, जो अस्तित्वातच नव्हता. मग त्यांना वेड लागलं होतं का? तर नाही. कारण हीच आयडिया आधी एकदा जबरदस्त चालली होती.

झालं असं की, युरेनस न्यूटनच्या गणिताप्रमाणे फिरत नव्हता. फ्रान्सच्या उर्बां ल व्हेरिए यांनी न्यूटनवर शंका घेतली नाही. ते म्हणाले, पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह असणार, तोच याला ओढतोय. त्यांनी आकडेमोड करून जागा कळवली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये योहान गाले यांनी तिकडे दुर्बीण वळवली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

मग बुधाचं प्रकरण आलं. बुधाची लंबगोल कक्षाच हळूहळू वळत जाते. बाकी ग्रहांच्या ओढीचा हिशेब लावूनही थोडा फरक उरत होता. किती? तर शंभर वर्षांत साधारण ४३ विकला, म्हणजे एका अंशाचा ८४वा भाग. एवढ्यासाठी कोण डोकं फोडणार? पण ल व्हेरिए यांनी १८५९ मध्ये हा फरक मांडला आणि उत्तरही जुनंच दिलं. सूर्याजवळ काहीतरी लपलंय!

त्याच वर्षी फ्रान्समधल्या एका डॉक्टरने सूर्यावरून काळा ठिपका सरकताना पाहिल्याचं कळवलं. ल व्हेरिए स्वतः त्याच्या घरी गेले, उलटतपासणी घेतली आणि त्यांना पटलं. ग्रहाचं बारसंही झालं, नाव व्हल्कन. पण ग्रहणामागून ग्रहणं गेली, खात्रीने कुणालाच तो दिसला नाही.

नोव्हेंबर १९१५ मध्ये आईनस्टाईन यांनी प्रश्नच बदलला. गुरुत्वाकर्षण ही ओढ नाही, तर सूर्याच्या वस्तुमानाने अवकाश-काळच वाकलेला आहे. या गणितातून ४३ विकला आपोआप निघाल्या, नवा ग्रह न लावता.

कॉर्पोरेट मीटिंगांनी पार स्वस्त केलेला 'पॅराडाइम शिफ्ट' हा शब्द मुळात अशा बदलासाठी आहे. तो गाजला टॉमस कून यांच्या १९६२ च्या पुस्तकामुळे. कून यांचं म्हणणं असं, की एखादा आकडा जुळला नाही म्हणून शास्त्रज्ञ सिद्धांत सोडत नाहीत. दुसरा सिद्धांत हाताशी आल्यावरच सोडतात. अर्थात न्यूटन काही अडगळीत गेले नाहीत, अवकाशयानाचं बरंचसं गणित आजही त्यांचंच असतं.

आज तसाच पेच दीर्घिकांचा आहे. त्यांच्या कडेचे तारे दिसणाऱ्या वस्तुमानाच्या मानाने फारच वेगाने फिरतात. बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, तिथे न दिसणारं डार्क मॅटर आहे. मोर्देहाय मिलग्रोम यांनी मात्र १९८३ मध्ये सुचवलं, की नियमच बदलून बघा. पुराव्यांचं पारडं सध्या डार्क मॅटरकडे झुकलेलं आहे. पण त्याचा एकही कण अजून खात्रीने हाती लागलेला नाही, जमिनीखाली खोलवर यंत्रं बसवून शोध चालू आहे.