रॉक गीतांतील साहित्यसंदर्भ आणि श्रवणजन्य अर्थभ्रम

रॉक संगीतातील गीत ही मुळात श्राव्य संहिता होय. कवितेच्या वाचकाला एखाद्या ओळीपाशी थांबता येते, मागे वळता येते. श्रोत्याला मात्र गिटार आणि ड्रमच्या कल्लोळातून येणारे शब्द त्याच क्षणी ओळखावे लागतात. अशा संहितेत साहित्यकृतीचा संदर्भ आला, की आकलनाच्या दोन पायऱ्या संभवतात : शब्द नीट ऐकू येणे आणि त्यामागील कृती ओळखता येणे. यांपैकी कोणतीही पायरी निसटली तरी अर्थभ्रम निर्माण होतो. त्याकडे केवळ गमतीचा विषय म्हणून पाहिले जाते. परंतु अर्थनिर्मितीच्या प्रक्रियेवर तो महत्त्वाचा प्रकाश टाकतो.

पहिला प्रकार निव्वळ श्रवणाचा. सिल्व्हिया राइट या अमेरिकन लेखिकेने १९५४ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात आपल्या बालपणातील एक आठवण नोंदविली. अर्ल ऑफ मरे याच्या हत्येवरील स्कॉटिश पोवाडा ऐकताना, त्याला हिरवळीवर निजविल्याचे सांगणारे शब्द तिला ‘लेडी मॉन्डेग्रीन’ असे ऐकू आले आणि अर्लसोबत मरण पावलेली एक स्त्री तिच्या कल्पनेत साकार झाली. चुकीच्या श्रवणातून सिद्ध होणाऱ्या अशा पाठाला तेव्हापासून ‘मॉन्डेग्रीन’ ही संज्ञा मिळाली. जिमी हेन्ड्रिक्सच्या ‘पर्पल हेझ’ (१९६७) या गीतातील आकाशाचे चुंबन अनेकांना एका पुरुषाचे चुंबन वाटले, ते याच न्यायाने. ‘स्काय’मधील ‘स’ आधीच्या शब्दाला चिकटला, की उरलेला अल्पप्राण ‘क’ इंग्रजी भाषकाच्या कानाला ‘ग’सारखा भासतो आणि ‘गाय’ म्हणजे पुरुष हा शब्द तयार होतो. ध्वनिसाम्याला अपेक्षेचीही जोड मिळते. माणसाचे चुंबन हे आकाशाच्या चुंबनापेक्षा अधिक संभाव्य असते. श्रोता निरर्थक ध्वनी स्वीकारीत नाही, तो अर्थ रचतो.

दुसऱ्या प्रकारात बदल श्रोता करीत नाही, गीतकारच करतो. ग्रेस स्लिक हिने लिहिलेले जेफर्सन एअरप्लेनचे ‘व्हाइट रॅबिट’ (१९६७) हे गीत लुईस कॅरलच्या ॲलिसकथांवर आधारलेले आहे. डॉरमाउस काय म्हणाला ते आठवा, असे आवाहन करून त्याला जोडून गीताच्या अखेरीस एक उपदेश येतो. १८६५ च्या मूळ कथेत तो कोठेही नाही. तेथे न्यायालयाच्या प्रसंगात डॉरमाउस काय म्हणाला असे विचारले असता, ते आठवत नाही, असे हॅटर उत्तर देतो. कॅरलने रिकामी ठेवलेली जागा गीताने भरून काढली आणि अनेक श्रोत्यांनी ती भर मूळ वचन म्हणून स्वीकारली.

हे दोन्ही प्रकार बीटल्सच्या ‘आय ॲम द वॉलरस’ (१९६७) या गीतात एकत्र आले आहेत. आपल्या जुन्या शाळेत बीटल्सच्या गीतांचे विश्लेषण करून घेतले जाते, असे एका विद्यार्थ्याच्या पत्रातून कळल्यावर जॉन लेननने या गीतात मुद्दाम अर्थाला चकवा देणाऱ्या ओळी रचल्या. शीर्षकातील वॉलरस कॅरलच्या कवितेतला. त्या कवितेत वॉलरस हा खलपात्र असल्याचे आपल्या नंतर लक्षात आले, असे लेननने १९८० मधील मुलाखतीत सांगितले. गीताच्या अखेरीस बीबीसी नभोवाणीवरून प्रसारित होत असलेल्या ‘किंग लिअर’मधील संवाद मिसळले आहेत. चौथ्या अंकाच्या सहाव्या प्रवेशात मरणोन्मुख ऑस्वल्ड आपला देह पुरण्याची विनंती करतो, तो हा भाग. १९६९ मध्ये पॉल मॅकार्टनीच्या मृत्यूची अफवा पसरली, तेव्हा हेच अस्फुट शब्द पुरावा म्हणून पुढे करण्यात आले. शेक्सपिअर न ओळखल्यामुळे नाट्यसंवाद हा वृत्तान्त ठरला.

तिसरा प्रकार अधिक गंभीर आहे. द क्युअर या इंग्लिश वाद्यवृंदाचे ‘किलिंग ॲन अरब’ (१९७८) हे गीत आल्बेर कामूच्या ‘द आउटसायडर’ या नावाने इंग्रजीत परिचित असलेल्या कादंबरीतील (१९४२) हत्येच्या प्रसंगावर बेतलेले आहे. गीतातील ‘मी’ हा गायक नसून म्यूर्सो हा निवेदक होय. कादंबरी न वाचलेल्या श्रोत्याला मात्र ते वंशद्वेषाचे समर्थन वाटणे शक्य होते. अमेरिकेतील अरब संघटनेच्या आक्षेपानंतर १९८६ च्या ‘स्टँडिंग ऑन अ बीच’ या संकलनावर, गीताचा वंशद्वेषी वापर करू नये, अशी सूचना चिकटविण्यात आली. येथे शब्द अचूक ऐकू आले होते. हरवला होता तो निवेदक.

तथापि केवळ श्रोत्याच्या अज्ञानाला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. म्यूर्सोचा तुरुंगवास, खटला आणि त्यातून उलगडणारी त्याची अलिप्तता यांसाठी कादंबरीचा संपूर्ण उत्तरार्ध खर्ची पडतो. गीताच्या वाट्याला केवळ तो क्षण येतो. शिवाय आक्षेपाचे मूळ कादंबरीतही आहे. मृत अरबाला कामूने नाव दिलेले नाही. ही उणीव कामेल दाऊद या अल्जीरियन लेखकाने २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत त्या मृताला नाव आणि कुटुंब देऊन अधोरेखित केली.

तात्पर्य, साहित्यसंदर्भ गीतात प्रसंग आणतो, त्याची चौकट आणीलच असे नाही. त्यामुळे अभ्यासकाने उगमग्रंथाचे नाव सांगून थांबणे पुरेसे ठरत नाही. उगमातून काय घेतले, काय गळले आणि जे गळले त्या जागी श्रोत्याने काय भरले, या तिन्हींची नोंद घेतली, तरच अशा गीताचे वाचन पूर्ण होते.