समुद्राच्या कार्बनखात्यात पंचगंगा

समुद्र आणि कार्बन या विषयावर मराठीत जे काही लिहिले जाते, ते बहुधा गोव्यात दोनापावलाला सुरू होते आणि ‘सागर कन्या’ जहाजाच्या डेकवर संपते. त्यात गैर काही नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 साली स्थापन झाली आणि अरबी समुद्राच्या रसायनाचे बरेचसे ज्ञान तिच्याच कामातून आले. पण कार्बनची एक वाट गगनबावड्याच्या काळ्या कातळातून निघून पंचगंगेने इचलकरंजीच्या कडेने जाते, असे म्हटले की काही विद्वान गालातल्या गालात हसतात. ‘घाटावरच्यांना कशाला हवा समुद्र?’ हा प्रश्न प्रस्तुत लेखकाच्या व्याख्यानानंतर हमखास येतो. तेव्हा हा आढावा नदीकडे झुकलेला असणार, हे आधीच सांगितलेले बरे.

ठळक आकडे वाचकांना पाठ असतीलच. हवेत आहे त्याच्या सुमारे पन्नासपट कार्बन समुद्रात आहे. माणूस दरवर्षी सोडतो त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो आणि त्यापायी पृष्ठभागाच्या पाण्याचा पीएच उद्योगयुगापासून साधारण 0.1 ने उतरला आहे. समुद्र वाटेल तेवढा वायू गिळेल हा भाबडेपणा रेव्हेल आणि सूस यांनी 1957 मध्येच मोडून काढला. नव्वदच्या दशकात भारतीय शास्त्रज्ञांनी अरबी समुद्र पिंजून काढला. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे खालचे कार्बनने भरलेले पाणी वर येते आणि हा समुद्र वायू शोषण्याऐवजी उलट हवेत सोडतो, हे त्यातून पक्के झाले. त्यावर भरपूर लिहून झाले आहे.

‘लोहाफेक्स’ मात्र ओलांडून जाता येत नाही. जानेवारी ते मार्च 2009 या काळात गोव्याची संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी दक्षिण अटलांटिकमध्ये सुमारे 300 चौरस किलोमीटर पाण्यात लोहाचे क्षार सोडले. नेतृत्व वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक यांचे, जहाज ‘पोलारस्टर्न’. पर्यावरणवाद्यांनी ओरड केली, जर्मन सरकारने लोह सोडण्याआधी प्रयोग रोखून मग परवानगी दिली. लोह मिळताच शेवाळ माजले खरे, पण बारीक प्राण्यांनी ते खाऊन टाकले. कार्बन तळाशी फारसा गेलाच नाही. मग काहींनी ‘प्रयोग फसला’ म्हणून तो मोडीत काढला. फसला कुठे? सिलिकेचे कवच बांधणारे डायटम तिथे वाढले नाहीत, कारण त्या पाण्यात सिलिकाच उरली नव्हती. नुसते लोह टाकून भागत नाही, हे त्या जहाजाने दाखवून दिले.

आणि समुद्राला सिलिका मिळते कुठून? मुख्यतः नद्यांकडून, म्हणजे झिजणाऱ्या खडकांतून. इथे सह्याद्री येतो.

पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो. ते आंबूस पाणी बेसाल्टमध्ये मुरते, खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका सोडवते, आणि वायूचे बायकार्बोनेट होऊन पंचगंगेच्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या उपनद्यांतून वाहू लागते. ग्रॅनाइटपेक्षा बेसाल्ट लवकर झिजतो. अनिर्बन दास, एस. कृष्णस्वामी आणि सहकाऱ्यांनी कृष्णा खोऱ्यातल्या आणि पश्चिम घाटातल्या नद्यांचे पाणी तपासून हा हिशेब 2005 मध्ये मांडला. त्याआधी, 2001 मध्ये, सेलिन देसेर आणि सहकाऱ्यांनी गणित केले होते: दख्खनचा लाव्हा थंड झाल्यावर त्याच्या झिजेने हवेतला कार्बन डायऑक्साइड एवढा ओढला की पृथ्वी अंदाजे अर्ध्या अंशाने गार झाली. ज्या दगडाचे आपण पाटे-वरवंटे केले, त्याची ही कामगिरी!

पुढचा टप्पा पाहायला समुद्रावरही जावे लागत नाही. इचलकरंजीत सुताला खळ देणाऱ्या सायझिंगचा बॉयलर उघडला की नळ्यांवर पांढरट, खरखरीत स्केल दिसते. पाणी तापले, बायकार्बोनेट फुटले, अर्धा कार्बन वायू होऊन वाफेबरोबर गेला आणि उरलेला अर्धा चुनखडी होऊन चिकटला. शिंपले आणि प्रवाळ समुद्रात न तापवता हेच करतात. म्हणून नदीने आणलेल्या कार्बनपैकी निम्माच तळाशी गाडला जातो. प्रोसेस हाउसच्या प्रयोगशाळेतला पोरगा पाण्यात मिथाइल ऑरेंजचे दोन थेंब टाकतो, ब्युरेटमधून थेंबथेंब आम्ल सोडतो आणि पिवळा रंग नारिंगी झाला की आकडा लिहितो. ही अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः पाण्यातल्या बायकार्बोनेटचे माप. समुद्रशास्त्रज्ञही तीच मोजतात, फक्त जास्त काटेकोरपणे.

पूर्वी नरसोबावाडीच्या संगमावर पंचगंगा आणि कृष्णा या दोन नद्यांच्या पाण्याचे रंग निरखणारी माणसे होती. आता पंचगंगेत पाहायचे ते जलपर्णी आणि तेरवाड बंधाऱ्यावर तरंगणारे मेलेले मासे. मैला आणि कारखान्यांचे पाणी कुजते, प्राणवायू खाते, आणि घाटाने बांधून दिलेल्या कार्बनच्या जोडीला नवा कार्बन डायऑक्साइड तयार करते. संगमाच्या खाली कृष्णेवर धरणांची रांग आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कृष्णा वर्षाला सरासरी 57 अब्ज घनमीटरच्या आसपास पाणी बंगालच्या उपसागरात ओतत असे. 2003-04 च्या दुष्काळात जवळपास काहीच पोचले नाही. सिलिका जलाशयांतच अडकते, तो भाग वेगळाच.

सध्या हवेतला कार्बन ओढण्यासाठी बेसाल्टची भुकटी शेतात पसरण्याची हवा आहे. भारतात हेच करणाऱ्या ‘माटी कार्बन’ला एप्रिल 2025 मध्ये एक्सप्राइझचे पाच कोटी डॉलरचे बक्षीस मिळाले. कल्पना चांगलीच आहे, पण प्रमाणाचे भान हवे. जगभरच्या सिलिकेट खडकांची नैसर्गिक झीज वर्षाला जेवढा कार्बन ओढते, तो माणसाच्या इंधनधुराच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास भरतो. शिवाय उसाच्या शेतात युरिया असतो. त्यातून बनणाऱ्या नायट्रिक आम्लाने दगड विरघळला, तर कॅल्शियम सुटते पण हवेतला कार्बन घटत नाही. कार्बन घटवणारी झीज आणि न घटवणारी झीज ही दोन्ही खाती वेगळी करायची तर नदीतले नायट्रेट आणि बायकार्बोनेट शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतील. कुरुंदवाडला केंद्रीय जल आयोगाचे मोजणी केंद्र आहे. इचलकरंजीच्या एखाद्या महाविद्यालयाने तिथली जुनी वार्षिके काढून बसावे, बॉयलरच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या त्या पोरांनाही सोबत घ्यावे.