यूरोपीय क्लब फुटबॉल स्पर्धांतील पात्रता

यूरोपातील निरनिराळ्या देशांच्या फुटबॉल क्लबांमध्ये दरवर्षी होणाऱ्या स्पर्धांत कोणत्या क्लबांनी भाग घ्यावयाचा, हे ठरविण्याची नियमबद्ध पद्धती. या स्पर्धा ‘यूएफा’ ही यूरोपीय फुटबॉल संघटनांची मध्यवर्ती संस्था भरविते. तिची स्थापना १५ जून १९५४ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाली. तिचे मुख्य कार्यालय त्याच देशातील न्याँ येथे असून ५५ राष्ट्रीय संघटना तिच्या सदस्य आहेत. चँपियन्स लीग, यूरोपा लीग व कॉन्फरन्स लीग अशा तीन उतरत्या श्रेणींच्या स्पर्धा ती पुरुषांच्या क्लबांसाठी घेते. यांपैकी कोणत्याही स्पर्धेत क्लबाला स्वेच्छेने नाव नोंदविता येत नाही. आदल्या हंगामातील आपल्या देशातील यशाच्या बळावर तो प्रवेशाचा हक्क मिळवितो. हा हक्क प्रत्येक देशाच्या विजेत्याला सारखाच असावा, की बलाढ्य देशांना त्यात अधिक वाटा मिळावा, हा पात्रतेच्या नियमांमागील मूळ प्रश्न आहे. १९५५ पासून या नियमांत झालेले बदल म्हणजे या दोन तत्त्वांमधील तडजोडीचा इतिहासच होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : १३ डिसेंबर १९५४ रोजी इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स या क्लबाने हंगेरीच्या होनव्हेद क्लबाचा ३–२ असा पराभव केला, तेव्हा इंग्लिश वृत्तपत्रांनी आपल्या क्लबास जगज्जेता ठरविले. फ्रान्समधील लेकिप या क्रीडादैनिकाचे संपादक गाब्रिएल आनो यांना हा दावा मान्य नव्हता. खरा श्रेष्ठ क्लब ठरवावयाचा, तर एकमेकांच्या मैदानांवर सामने होऊन रीतसर स्पर्धा झाली पाहिजे, असे त्यांनी सुचविले. त्यातून १९५५-५६ च्या हंगामात यूरोपीय विजेत्या क्लबांची चषक स्पर्धा सुरू झाली. पहिला सामना ४ सप्टेंबर १९५५ रोजी लिस्बन येथे स्पोर्टिंग व पार्टिझान बेलग्रेड या क्लबांमध्ये झाला व तो ३–३ असा बरोबरीत सुटला.

पहिल्या वर्षीच्या सोळा क्लबांना मात्र पात्रतेचा काटेकोर नियम लावलेला नव्हता. त्यांची निवड बव्हंशी निमंत्रणाने झाली होती. स्कॉटलंडमधून ॲबर्डीन या विजेत्या क्लबाऐवजी पाचव्या क्रमांकाचा हिबर्नियन क्लब सहभागी झाला आणि उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. इंग्लंडचा विजेता चेल्सी क्लब पात्र असूनही, देशांतर्गत लीगच्या चालकांच्या विरोधामुळे त्याने माघार घेतली व त्याची जागा पोलंडच्या ग्वार्डिया वॉर्सा क्लबास मिळाली. पुढील वर्षापासून प्रत्येक देशाचा लीगविजेता व गतवर्षीचा स्पर्धाविजेता यांनाच प्रवेश, हा दंडक ठरला. त्यानुसार १९५६-५७ मध्ये स्पेनमधून लीगविजेता म्हणून ॲथलेटिक बिल्बाओ, तर गतविजेता म्हणून रेआल माद्रिद असे दोन क्लब खेळले.

हा नियम पुढे सु. चार दशके टिकला. इतर क्लबांसाठी राष्ट्रीय चषकविजेत्यांची स्पर्धा (१९६०-६१ ते १९९८-९९) व यूएफा चषक (१९७१-७२ पासून) अशा वेगळ्या स्पर्धा होत्या. आल्बेनियाचा विजेता व इटलीचा विजेता यांचा हक्क या पद्धतीत समान होता. सामने बाद पद्धतीचे असल्याने मोठ्या क्लबांनाही धोका असे : १९८७-८८ मध्ये रेआल माद्रिद व नापोली यांची गाठ पहिल्याच फेरीत पडली आणि नापोलीला बाहेर जावे लागले. याच काळात रुमानियाचा स्तेआवा बूखारेस्ट (१९८६) व यूगोस्लाव्हियाचा रेड स्टार बेलग्रेड (१९९१) यांच्यासारखे पूर्व यूरोपीय क्लब विजेते होऊ शकले.

विस्तार : दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणहक्कांचे मोल वाढू लागले, तसा अधिक सामन्यांचा व मोठ्या क्लबांना हमखास प्रवेशाचा आग्रह वाढला. १९९१-९२ मध्ये स्पर्धेत गटवार साखळी सामने आले व १९९२-९३ पासून तिला ‘चँपियन्स लीग’ हे नाव मिळाले. १९९४-९५ ते १९९६-९७ या हंगामांत खालच्या क्रमांकांच्या देशांच्या विजेत्यांना या स्पर्धेतून वगळून यूएफा चषकाकडे वळविण्यात आले. १९९७-९८ मध्ये त्यांचा हक्क परत मिळाला. पण त्याच वर्षी पहिल्या आठ देशांच्या उपविजेत्यांनाही प्रवेश देण्यात आला. याचा परिणाम लवकरच दिसला. १९९९ च्या अंतिम सामन्यात खेळलेले मँचेस्टर युनायटेड व बायर्न म्यूनिक हे दोन्ही क्लब आदल्या हंगामात आपापल्या देशांत उपविजेते होते. १९९९-२००० पासून अग्रेसर देशांना चारपर्यंत जागा मिळू लागल्या आणि स्पर्धेच्या नावातील ‘विजेते’ हा शब्द केवळ परंपरेपुरता उरला.

गुणांकपद्धती : कोणत्या देशाला किती जागा, हे त्याच्या गुणांकावरून ठरते. यूरोपीय स्पर्धांतील प्रत्येक विजयाबद्दल दोन व बरोबरीबद्दल एक गुण मिळतो; प्रारंभिक पात्रता फेऱ्यांत हे गुण निम्मे धरतात. पुढील फेऱ्या गाठल्याबद्दल अधिक गुण असतात. एका देशाच्या सर्व क्लबांनी मिळविलेल्या गुणांच्या बेरजेस त्या क्लबांच्या संख्येने भागले, म्हणजे त्या हंगामाचा गुणांक निघतो. उदा., एखाद्या देशाच्या सात क्लबांनी मिळून १४० गुण मिळविले, तर त्याचा गुणांक २० होईल. अशा पाच हंगामांच्या गुणांकांची बेरीज करून देशांची क्रमवारी लावतात. ती लगेच लागू होत नाही. २०२२-२३ च्या अखेरची क्रमवारी २०२४-२५ च्या जागावाटपास आधारभूत धरली गेली.

भागाकाराच्या या नियमामुळे एका क्लबाचे अपयश त्याच्या देशातील सर्वांनाच भोवते. दुय्यम स्पर्धेत लवकर हरलेला क्लब दोन वर्षांनी आपल्याच प्रतिस्पर्ध्याची जागा घालविण्यास कारण होऊ शकतो. देशाच्या गुणांकाखेरीज प्रत्येक क्लबाचाही स्वतंत्र गुणांक असतो. परंतु त्याचा उपयोग मुख्यतः सामन्यांच्या सोडतीत क्लबांची प्रतवारी लावण्यासाठी होतो.

चँपियन्स लीगमधील जागावाटप : २०२४-२५ पासून मुख्य स्पर्धेत ३२ ऐवजी ३६ क्लब असतात. ते एकाच गुणतक्त्यात असून प्रत्येक क्लब आठ वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी एकेक सामना खेळतो : चार स्वतःच्या मैदानावर व चार प्रतिपक्षाच्या. पहिले आठ क्लब थेट उपउपांत्यपूर्व फेरीत जातात. नवव्या ते चोविसाव्या क्रमांकांचे क्लब उरलेल्या आठ जागांसाठी आपसांत झुंजतात. बाकीचे बारा बाद होतात व त्यांना पूर्वीप्रमाणे दुय्यम स्पर्धेत प्रवेश मिळत नाही.

या ३६ जागांपैकी २९ जागा थेट भरल्या जातात. क्रमवारीतील पहिल्या चार देशांना प्रत्येकी चार, पाचव्यास तीन, सहाव्यास दोन व सातव्या ते दहाव्या देशांना प्रत्येकी एक जागा मिळते. चँपियन्स लीग व यूरोपा लीग यांच्या गतविजेत्यांसाठी दोन जागा असतात. राहिलेल्या दोन जागा, लगतच्या आदल्या हंगामात ज्या दोन देशांच्या क्लबांची सामूहिक कामगिरी सर्वोत्तम ठरली, त्यांना जादा म्हणून दिल्या जातात. २०२४ मध्ये त्या इटली व जर्मनी यांना मिळाल्या आणि बोलोन्या व बोरुसिया डॉर्टमुंड हे आपापल्या लीगमध्ये पाचवे आलेले क्लब पात्र ठरले. डॉर्टमुंडने त्या वर्षी चँपियन्स लीगचा अंतिम सामना गाठला होता. म्हणजे आपल्या जागेचा काही भाग त्याने स्वतःच कमावला होता. २०२५ मध्ये इंग्लंड व स्पेन यांच्या वाट्यास त्या जागा आल्याने न्यूकॅसल युनायटेड व व्हिलारेआल यांचा लाभ झाला.

उरलेल्या सात जागांसाठी उन्हाळ्यात पात्रता फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत दोन सामने, एकेक दोघांच्याही मैदानांवर, होऊन एकूण गोलसंख्येवर निकाल लागतो. २००९-१० पासून या फेऱ्यांचे दोन मार्ग केलेले आहेत. पहिल्या मार्गाने केवळ लहान देशांचे लीगविजेते खेळतात व त्यांना पाच जागा मिळतात. दुसऱ्या मार्गाने मध्यम देशांतील विजेतेपद न मिळालेले क्लब खेळतात व त्यांच्यासाठी दोन जागा असतात. लहान देशाच्या विजेत्यास श्रीमंत देशाच्या तिसऱ्या-चौथ्या क्लबाशी लढून बाद व्हावे लागू नये, हा या विभागणीचा हेतू. २०२५ मध्ये कझाकस्तानच्या कैरात अल्माटी क्लबाने पहिल्या फेरीपासून सुरुवात करून स्लोव्हेनिया, फिनलंड व स्लोव्हाकिया यांच्या विजेत्यांना हरविले आणि अखेरीस स्कॉटलंडच्या सेल्टिकला पेनल्टी किकांवर मागे टाकून मुख्य स्पर्धा गाठली. कझाकस्तान हा देश आशियाई महासंघ सोडून २००२ मध्येच यूएफाचा सदस्य झाला होता. इंग्लंडमधील चौथ्या क्रमांकाच्या क्लबास असा एकही सामना खेळावा लागत नाही.

गतविजेत्याचा हक्क : स्पर्धा जिंकणारा क्लब आपल्या देशातील लीगमध्ये मागे पडला, तर काय करावयाचे, हा प्रश्न नियमांना वारंवार अडचणीत टाकणारा ठरला. २००० मध्ये रेआल माद्रिद स्पेनमध्ये पाचवा आला. परंतु चँपियन्स लीग जिंकल्याने त्यास चौथी जागा देण्यात आली आणि चौथा आलेला रेआल सारागोसा दुय्यम स्पर्धेत ढकलला गेला. २००५ मध्ये लिव्हरपूलने स्पर्धा जिंकली, तेव्हा तोही लीगमध्ये पाचवा होता व चौथे स्थान त्याच्याच शहरातील एव्हर्टनचे होते. या वेळी यूएफाने अपवाद करून दोघांनाही प्रवेश दिला. गतविजेत्या लिव्हरपूलला मात्र पहिल्या पात्रता फेरीपासून खेळावे लागले. त्यानंतर गतविजेत्याचा हक्क नियमांत पक्का करण्यात आला; पण एका देशाचे चारांहून अधिक क्लब नसावेत, ही मर्यादा कायम राहिली. २०१२ मध्ये सहाव्या क्रमांकाच्या चेल्सीने विजेतेपद मिळविताच चौथ्या क्रमांकाच्या टॉटनम हॉट्स्परची जागा गेली. पुढे ही मर्यादा शिथिल झाली. २०१५ पासून यूरोपा लीगच्या विजेत्यासही चँपियन्स लीगमध्ये प्रवेश मिळू लागला. २०२५ मध्ये वीस क्लबांच्या इंग्लिश लीगमध्ये सतरावा आलेला टॉटनम यूरोपा लीग जिंकून पात्र झाला व इंग्लंडच्या क्लबांची संख्या सहावर गेली. त्याने अंतिम सामन्यात हरविलेल्या मँचेस्टर युनायटेडला मात्र त्या वर्षी कोणत्याच यूरोपीय स्पर्धेत स्थान उरले नाही.

गतविजेता आपल्या लीगमधूनही पात्र झाला असेल, तर त्याची मोकळी जागा पात्रता फेऱ्यांतील उच्च गुणांकाच्या क्लबास जाते. २०२४ मध्ये युक्रेनच्या शाख्तार डोनेत्स्कला याच रीतीने थेट प्रवेश मिळाला.

इतर दोन स्पर्धा : यूएफा चषकाचे २००९-१० मध्ये यूरोपा लीग असे नामांतर झाले व २०२१-२२ पासून कॉन्फरन्स लीग सुरू झाली. राष्ट्रीय चषक स्पर्धेचा विजेता व लीगमधील पुढच्या क्रमांकांचे क्लब यांना या स्पर्धांत प्रवेश मिळतो. चषकविजेता लीगमधूनच वरच्या स्पर्धेस पात्र झालेला असेल, तर ती जागा लीगमधील पुढील क्लबास मिळते. उपविजेत्यास मिळत नाही. लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशाला स्वतःची लीग नाही. तेथील क्लब स्विस लीगमध्ये खेळतात. त्यामुळे तेथील चषकविजेता एवढाच एक क्लब कॉन्फरन्स लीगच्या पात्रता फेऱ्यांत येतो. त्या देशाच्या फाडूत्स क्लबाने २०२२-२३ मध्ये मुख्य स्पर्धाही गाठली.

अपात्रता : मैदानावर मिळविलेला हक्क अन्य कारणांनी नष्ट होऊ शकतो. १९८५ मध्ये ब्रूसेल्सच्या हायझेल क्रीडागारात ३९ प्रेक्षक मृत्युमुखी पडल्यानंतर इंग्लिश क्लबांवर १९९० पर्यंत बंदी होती. १९८५ व १९८७ मध्ये लीग जिंकूनही एव्हर्टनला यूरोपीय चषकात खेळता आले नाही. १९९३ चा विजेता मार्सेय देशांतर्गत सामन्यातील लाचलुचपतीमुळे पुढील स्पर्धेतून वगळला गेला. रशियाच्या क्लबांना फेब्रुवारी २०२२ पासून स्थगिती देण्यात आली. यांशिवाय क्लबाजवळ आर्थिक व्यवहार, क्रीडागार इत्यादींविषयीचा परवाना असावा लागतो आणि एकाच मालकाच्या प्रभावाखालील दोन क्लब एका स्पर्धेत खेळू शकत नाहीत. या शेवटच्या नियमामुळे २०२५ चा इंग्लिश चषकविजेता क्रिस्टल पॅलेस यूरोपा लीगमधून कॉन्फरन्स लीगमध्ये उतरविला गेला.

मूल्यमापन : पात्रतेच्या या पद्धतीवरील मुख्य आक्षेप असा, की ती बलवानांस अधिक बलवान करते. अधिक जागांमुळे अधिक सामने, त्यांतून अधिक गुण व उत्पन्न आणि त्यांतून पुन्हा अधिक जागा, असे चक्र त्यातून निर्माण होते. २००५ ते २०२४ या वीस वर्षांतील सर्व विजेते इंग्लंड, स्पेन, इटली व जर्मनी या चारच देशांचे होते. तथापि एप्रिल २०२१ मध्ये बारा मोठ्या क्लबांनी बहुसंख्य सदस्यांना कायमचे स्थान देणाऱ्या ‘सुपर लीग’ची घोषणा केली, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या पाठीराख्यांनीही तीव्र विरोध केला आणि बहुतेक क्लब काही दिवसांतच मागे फिरले. नव्या पद्धतीतील दोन जागा क्लबांच्या पूर्वकामगिरीच्या आधारे देण्याचा प्रस्तावही यूएफाने मे २०२२ मध्ये सोडून दिला व त्या लगतच्या हंगामातील यशाशी जोडल्या. जागांची वाटणी विषम असली, तरी प्रत्येक जागा दरवर्षी नव्याने जिंकावी लागते, हे तत्त्व त्यामुळे अबाधित राहिले आहे.

(→ फुटबॉल).