जन्म इथला, जर्सी तिथली

6 जून 2024 रोजी डॅलसजवळच्या मैदानावर अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं, तेव्हा शेवटचा चेंडू टाकणारा सौरभ नेत्रावळकर अस्सल मुंबईकर होता. 2010 च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला, पुढे मुंबईच्या रणजी संघातही आला. 2015 मध्ये शिकायला अमेरिकेला गेला आणि ओरॅकलमध्ये नोकरीला लागला. पाकिस्तानवरच्या त्या विजयानंतर सहाच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि मग रोहित शर्मालाही बाद केलं. मुंबईच्या पोराने भारताच्या मुंबईकर कर्णधाराला तंबूत धाडलं, तेही परक्या झेंड्याखाली!

हे नियमात बसतं कसं? क्रिकेटमध्ये पात्रतेच्या वाटा तीन आहेत: त्या देशात जन्म, तिथलं नागरिकत्व, किंवा तीन वर्षांचं सलग वास्तव्य. यातली तिसरी वाट सर्वांत उदार. नोकरीनिमित्त आलेल्या माणसालाही ती देशाची टोपी देते, पासपोर्टची अट घालत नाही. एजाज पटेलही मुंबईतच जन्मला, आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला. डिसेंबर 2021 मध्ये वानखेडेवर त्याने एका डावात भारताचे दहाच्या दहा फलंदाज 119 धावांत टिपले. कसोटीत असा पराक्रम त्याच्याआधी फक्त जिम लेकर आणि अनिल कुंबळे यांनी केला होता. तीन वर्षांनी याच मैदानावर त्याने अकरा बळी घेतले आणि न्यूझीलंडने भारताला भारतात 3-0 असं धुतलं.

फुटबॉलला मात्र पासपोर्ट लागतोच, आणि नुसता पासपोर्टही पुरत नाही. 2004 मध्ये कतारने ब्राझीलच्या आयल्टनसारख्या खेळाडूंना पैसे देऊन आपलंसं करायची तयारी चालवली, तेव्हा फिफाने नातं दाखवण्याची अट घातली. नवं नागरिकत्व घेणाऱ्याचा जन्म तिथला हवा, नाहीतर आईवडिलांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कुणाचा तरी. तेही नसेल तर काही वर्षांचं वास्तव्य हवं. यात आजोबांच्या जन्मदाखल्याला नको इतकी किंमत आली. 2025 मध्ये मलेशियाच्या संघातल्या सात परदेशी जन्माच्या खेळाडूंची कागदपत्रं बनावट असल्याचं सांगून फिफाने कारवाई केली. वाद होता तो आजीआजोबा नेमके कुठे जन्मले याचाच! त्यापेक्षा जिथे माणूस राहतो, खेळतो, कर भरतो, त्या वास्तव्याचा निकष अधिक खरा वाटतो.

भारताची गोष्ट आणखी वेगळी आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी पासपोर्ट घेतला की भारतीयत्व संपतं आणि उरतं ते परदेशस्थ भारतीयांचं ‘ओसीआय’ कार्ड. तरीही अमेरिकी पासपोर्ट असलेला टेनिसपटू प्रकाश अमृतराज भारताकडून डेव्हिस चषक खेळत असे. 2008 च्या अखेरीस केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने ते दार लावलं: देशाकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्ट हवा.

याची झळ सर्वाधिक बसली फुटबॉलला. वडील गुजराती आणि आई जपानी असलेला अराता इझुमी पुणे एफसीकडून खेळत होता. त्याने जपानी नागरिकत्व सोडलं आणि 2013 मध्ये भारताची जर्सी मिळवली. त्यानंतर बरीच वर्षं या वाटेला कुणी फिरकलं नाही. 2025 मध्ये बंगळुरू एफसीच्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. तो पर्थचा, पण त्याची आई मुंबईत जन्मलेली, अँग्लो-इंडियन कुटुंबातली. ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना तो आधी खेळला होता, त्यामुळे संघबदलाची परवानगी फिफाकडून वेगळी घ्यावी लागली.

इझुमी आणि विल्यम्स दोघेही भारतातल्याच क्लबांकडून खेळत होते, हे लक्षात घ्यायला हवं. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये पोट भरणाऱ्या यान धांडासारख्या खेळाडूचं गणित वेगळं. बर्मिंगहॅममध्ये जन्मून लिव्हरपूलच्या युवा संघात घडलेल्या धांडाने भारताकडून खेळण्याची इच्छा जाहीरपणे सांगितली आहे. पण त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट सोडला, तर जिथे जन्मला त्याच देशात तो परदेशी खेळाडू ठरेल आणि तिथल्या क्लबला त्याच्यासाठी वर्क परमिट मागावं लागेल.