फायरप्लेसवर स्फिंक्स? का नाही!

इंटिरियरचे कॅटलॉग चाळताना मला हमखास आठवतो तो पिरानेसी. रोममधल्या या अवलियानं १७६९ साली चक्क फायरप्लेसच्या डिझाइन्सचं पुस्तक काढलं. मजकूर तीन भाषांत : इटालियन, इंग्रजी, फ्रेंच. रोम बघायला येणारे श्रीमंत इंग्रज हे त्याचं हक्काचं गिऱ्हाईक ना!

तंत्र एचिंगचं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यात सुईनं रेखाटन, मग अ‍ॅसिड. उघड्या रेघा अ‍ॅसिडनं कोरल्या, की त्यांत शाई भरून छपाई.

तेव्हा ‘ग्रीक साधेपणा म्हणजेच अभिरुची’ असं मानणारे बरेच होते. पिरानेसीचा सवाल सरळ : प्राचीनांनी अशा फायरप्लेस बांधल्याच नाहीत, मग नक्कल कशाची करायची? त्यानं इजिप्शियन, एट्रुस्कन, ग्रीक, रोमन नक्षी बिनधास्त एकत्र केली. टीका होणार हे ओळखून बचावाचा निबंधही त्याच पुस्तकात छापला!

बरीचशी डिझाइन्स कागदावरच राहिली. संगमरवरात उतरलेली एक फायरप्लेस आज अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे.

तेव्हा दोस्तांनो, ‘घर मिनिमलच हवं’ असं कुणी बजावलं, तरी आजीचा पितळी डबा नव्याकोऱ्या शेल्फवर खुशाल मांडा. मी तरी मांडणार!